इतर अधिकारातील बोजा

गृहकर्जाच्या कामात वर्षे घालवलेल्या माणसाकडे लिहिण्यासारखे काय असणार, असे मी संपादकांना विचारले. ते म्हणाले, तुमच्या टेबलासमोर बसलेली माणसे काय बोलत, ते लिहा. माणसे फारसे बोलत नसत. ती वाट पाहत. बँकेच्या उत्तराची वाट पाहणारा माणूस कसा दिसतो, हे मी जितके पाहिले आहे तितके आइंडहोवनमध्ये क्वचितच कुणी पाहिले असेल. म्हणून होकार दिला.

मी बँकेत नव्हतो. तीन खोल्यांचे एक सल्लागार कार्यालय होते, त्यातली मधली खोली माझी. घर घेणारा माणूस आमच्याकडे येई. त्याचे कागद गोळा करायचे, तपासायचे, योग्य त्या बँकेकडे पाठवायचे आणि बँकेच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, हे काम. कर्ज बँकच देते. पण फाइल अशी लावायची की बँकेला नाही म्हणायला कारण सापडू नये.

नेदरलँड्समध्ये गृहकर्जाला सरकारचे पाठबळ असलेली एक हमी मिळते. नोकरी गेली, घटस्फोट झाला किंवा जोडीदार वारला, आणि घर विकूनही कर्ज फिटले नाही, तर उरलेली तूट हमी देणारी संस्था भरून देते. बँक निर्धास्त होते, म्हणून व्याज थोडे कमी लावते. बदल्यात अटी असतात. घराची किंमत ठरावीक मर्यादेच्या आत हवी. घरात स्वतः राहायला हवे. उत्पन्न खात्रीचे हवे. आणि अंगावर असलेले प्रत्येक कर्ज, मग ते जगात कुठेही असो, अर्जात सांगितलेले हवे. ही शेवटची अट या लेखाचा विषय आहे.

आपल्या मंडळींना या हमीची गरज अधिक. पाच वर्षांच्या रहिवासी परवान्यावर आलेला पुण्याचा इंजिनियर बँकेला पाहुण्यासारखा वाटतो. तो कधी उठून जाईल याचा नेम नाही. हमी असली की तीच बँक त्याला बसायला खुर्ची देते.

आइंडहोवन म्हणजे कारखाने, प्रयोगशाळा आणि कार्यालये. पण सायकलवर अर्धा तास गेले की मका, गायी आणि पॉपलरच्या झाडांच्या रांगा लागतात. हमीचा अर्ज शहरातल्या फ्लॅटला आणि या बाजूच्या जुन्या शेतघरांना एकच आहे. फाइल मात्र एक नाही. शेतघराच्या फाइलीत जमिनीत पुरलेली तेलाची टाकी काढल्याचा दाखला लागतो, गोठ्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही याचा अहवाल लागतो, सांडपाणी कुठे जाते आणि शेजाऱ्याला कुठून जायचा हक्क आहे, हे लागते. आमच्या कार्यालयात या फाइली कुणाला नको असत. त्या माझ्याकडे येत. मला त्या आवडत असे म्हणणार नाही. मला त्या जमत.

एनस्खेडेच्या विद्यापीठातले एक संशोधक ओळखीतून माझ्याकडे आले होते. त्यांना गावाबाहेरचे घर हवे होते. खरेदीखतात एक जुनी नोंद होती, की शेजारच्या शेतकऱ्याला आपल्या गायी या अंगणातून नेण्याचा हक्क आहे. मी त्यांना ती वाचून दाखवली आणि विचार करा म्हटले.

‘‘गाय दारात येणार असेल तर आमची हरकत कसली?’’ ते म्हणाले. ‘‘आई येणार आहे दोन महिन्यांनी. खूश होईल.’’

आई आल्या. रोज सकाळी पोळी घेऊन अंगणात उभ्या राहू लागल्या. आठवड्याने शेजारी आला तो ट्रॅक्टर घेऊन. त्याने गायी केव्हाच विकल्या होत्या. आईंनी पोळी त्यालाच दिली, असे मला नंतर फोनवर कळले.

डीमनला ट्रामच्या थांब्यालगत फ्लॅट घेणारे एक गृहस्थ होते. त्यांनी हमीची सगळी कलमे ऐकून घेतली आणि विचारले, ‘‘म्हणजे नोकरी गेली तर हप्ता सरकार भरणार?’’

‘‘नाही. घर विकून तूट राहिली तर. तीही तुमचा दोष नसेल तर.’’

‘‘दोष आहे की नाही, हे कोण ठरवणार?’’

‘‘हमी देणारेच.’’

त्यांनी फ्लॅट घेतला. पण माझ्याकडे आले होते त्यापेक्षा अधिक चिंताग्रस्त होऊन परत गेले. माझ्या कामाचा हा भाग जाहिरातीत नसे.

आता मुख्य गोष्ट.

२०१४ च्या उन्हाळ्यात संदीप वाबळे आणि त्याची पत्नी मेघना माझ्याकडे आली. तो चिपची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत, ती सॉफ्टवेअर तपासणीच्या कामात. पाचव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. संदीप मूळचा शिरूर तालुक्यातला. त्याचे वडील रामभाऊ, सगळे त्यांना अण्णा म्हणत, दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी आले होते आणि तीन आठवड्यांत परत गेले.

‘‘अण्णा म्हणाले, खाली जायचं तर लिफ्ट, वर यायचं तर लिफ्ट, मध्ये माणसानं बसायचं कुठं,’’ संदीप सांगत होता. ‘‘काका, मला जमिनीवरचं घर पाहिजे. मागं थोडी माती असलेलं. अण्णा आणि आई येऊन राहतील असं.’’

असे घर त्यांना न्यूनेन गावाच्या बाहेर सापडले होते. लांबलचक दर्शनी भिंतीचे जुने शेतघर, त्याचा अर्धा भाग, मागे चराईचा एक तुकडा. विकणारा तोन नावाचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा विधुर होता. तो मुलीच्या जवळ फ्लॅटमध्ये राहायला जाणार होता. करार झाला होता. या देशात अशा करारात एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत कर्ज मिळाले नाही, तर बँकेचा नकार दाखवून करारातून बाहेर पडता येते. तारीख उलटली, की बाहेर पडण्याची किंमत म्हणजे घराच्या किमतीचा दहावा हिस्सा. संदीपची तारीख वीस जून होती.

दुसरी तारीख सरकारची होती. जुलैच्या पहिल्या दिवसापासून हमीसाठीची किमतीची मर्यादा खाली येणार होती. तोनचे घर आजच्या मर्यादेत बसत होते, उद्याच्या नाही. आणि हमी नसेल तर संदीपच्या परवान्यावर त्या रकमेला हात लावायला कोणतीही बँक तयार नव्हती. मी विचारून पाहिले होते. घर मिळायचे तर तीस जूनच्या आत मिळायचे.

फाइल चांगली होती. घर शेतीसाठी नव्हे तर राहण्यासाठी आहे, असे नगरपालिकेचे पत्र होते. टाकीचा दाखला होता. पगाराची पत्रे होती. मी ती जूनच्या पहिल्या आठवड्यात बँकेकडे पाठवली.

अकरा जूनला बँकेच्या तपासनीस बाईंचा फोन आला. मारलूस त्यांचे नाव. अनेक वर्षांची ओळख. बाई काटेकोर होत्या, म्हणून मला पसंत होत्या.

‘‘तुमच्या गृहस्थांनी परदेशात कर्ज नाही, असे लिहिले आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग शेवटच्या कागदावर देय कर्ज कसे?’’

शेवटचा कागद सातबारा होता. संदीपच्या गावच्या शेतजमिनीचा हस्तलिखित उतारा, सोबत शपथबद्ध अनुवादकाने केलेला डच अनुवाद. खातेदारांत अण्णांचे नाव, वाटपानंतर लागलेले संदीपचेही नाव. आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात गावच्या सोसायटीचा बोजा. अनुवादकाने बोजा या शब्दासाठी ‘देय कर्ज’ हा डच शब्द योजला होता. शब्दकोशाप्रमाणे त्याचे चुकले नव्हते. रक्कम एवढी, की इथे तेवढ्यात एक सायकल येईल, तीही जुनी. पण प्रश्न रकमेचा नव्हता. एकाच फाइलीतले दोन कागद एकमेकांना खोटे पाडत होते.

मी दोघांना बोलावून घेतले.

‘‘हा कागद कुणी मागितला होता?’’

‘‘कुणी नाही,’’ संदीप म्हणाला. ‘‘घरामागं चराई आहे ना, काका. म्हटलं, शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागणार. आपल्याकडे लागतोच. कुणी विचारायच्या आधी लावून टाकला. अण्णांनी मुद्दाम तालुक्याला जाऊन ताजा उतारा आणला, स्कॅन करून पाठवला.’’

‘‘इथे कुणीही जमीन घेऊ शकतो. दंतवैद्यसुद्धा.’’

‘‘हे मला कुठं माहीत?’’

त्याच्यावर रागावता येण्यासारखे काही नव्हते. या देशात कुणीही कधीही विचारणार नाही अशा प्रश्नाचे त्याने पूर्ण, प्रामाणिक आणि शिक्क्यासह उत्तर दिले होते.

अण्णांना फोन लावला. संदीपने तो टेबलावर ठेवला.

‘‘बोजा? तो कवाच फेडलाय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘संदीप दहावीला होता तवा. सोसायटीत जाऊन इच्यारा कुणालाबी.’’

‘‘मग उताऱ्यावर कसा?’’ मी विचारले.

‘‘कमी करायचा राहिला, साहेब. फेडायची घाई असती, खोडायची कुणाला असती? हितं निम्म्या गावाच्या उताऱ्यावर असले बोजे हायेत. कोण बघतंय?’’

‘‘आम्ही बघतो, अण्णा.’’

‘‘बघा की.’’ मग ते म्हणाले, ‘‘पण मला एक सांगा, तिकडं घर विटांचं असतंय का कागदाचं?’’

मेघना हसली. मीही हसलो असतो. पण माझ्यासमोर कॅलेंडर होते.

सोसायटीच्या सचिवाने दुसऱ्याच दिवशी बेबाकी दाखला दिला: वाबळे यांच्याकडे काही येणे नाही. त्याचे भाषांतर करून मी मारलूसबाईंना पाठवले. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, ‘‘हे धनकोचे म्हणणे झाले. सरकारी नोंदवही काय म्हणते?’’

मी सुचवले, कर्ज आहे असे समजा आणि हिशेबात धरा; त्याने काही बिघडत नाही. त्या म्हणाल्या, ‘‘मग शिल्लक किती आहे, याचा दाखला द्या.’’ सोसायटी शिल्लक नाही म्हणत होती. उतारा आहे म्हणत होता. दोन्हींवर शिक्के होते. बाईंच्या जागी मी असतो तर हेच केले असते, आणि हे मला त्या दिवशी फार जाचले.

एकच मार्ग उरला. तलाठ्याकडे अर्ज करून बोजा कमी केल्याचा फेरफार नोंदवायचा आणि नवा उतारा आणायचा. अण्णांनी बारा तारखेलाच अर्ज दिला. फेरफाराची नोटीस लागते. नोटिशीनंतर पंधरा दिवस हरकतीसाठी थांबावे लागते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. मी बोटांवर मोजले. सत्तावीस जून. वीस तारखेला ते पुरणार नव्हते. तीस तारखेला जेमतेम.

त्याच संध्याकाळी पुन्हा फोन आला. आम्ही तिघेही कार्यालयात होतो.

‘‘काम झालं, साहेब,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तलाठी भला माणूस हाय. म्हणला, कर्ज फिटल्याचा दाखला हाय, कुणाची हरकत न्हाई, तर थांबायचं कशाला? नोटीस मागच्या महिन्याची दाखवतो, उद्या सही घेतो. चहासुद्धा घेतला न्हाई त्यानं.’’

संदीपने सुटकेचा श्वास सोडला. तो मला ऐकू आला.

‘‘नको, अण्णा,’’ मी म्हणालो.

‘‘का हो?’’

‘‘नोटीस मागच्या महिन्यात लागली नव्हती.’’

‘‘पण कर्ज तर फिटलंय.’’

‘‘फिटलंय. तारीख खोटी आहे. तो कागद माझ्या सहीने पुढे जाईल. खोट्या तारखेचा कागद मी पाठवणार नाही.’’

फोनमध्ये मोटारसायकल गेल्याचा आवाज आला.

‘‘बरं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तुम्ही म्हणताय तर थांबतो पंधरा दिवस. आपल्याला कुठं पळायचंय?’’

फोन बंद झाला. मग संदीप म्हणाला, ‘‘काका, कुणाला कळणार होतं?’’

‘‘मला.’’

मेघना माझ्याकडे पाहत होती. ती मोजके बोलणारी मुलगी होती.

‘‘काका, एक विचारू?’’

‘‘विचार.’’

‘‘हा उतारा फाइलीत होता. तुम्ही बँकेला पाठवण्याआधी पाहिला नव्हता?’’

‘‘पाहिला होता.’’

‘‘मग?’’

‘‘वाचला नव्हता.’’

हे खरे होते. त्या फाइलीतले डच आणि इंग्रजी कागद मी शब्द न् शब्द वाचले होते. मराठीत तेवढा एकच होता. गाव नमुना सात दिसला आणि मी पान उलटले. सातबारा काय वाचायचा, असे वाटले. अनुवाद उलटला, कारण मूळ भाषा मला येत होती. त्या रकान्यावर नजर टाकली असती, तर तो कागद मी तिथल्या तिथे फाइलीतून काढला असता. तो कुणी मागितलाच नव्हता. मग बोजा नाही, प्रश्न नाही, तलाठी नाही.

‘‘जाऊ दे, मेघना,’’ संदीप म्हणाला.

‘‘का जाऊ दे? यांचं न वाचलेलं पान चालतं. तलाठ्याची तारीख चालत नाही.’’

चूक वेगळी आणि खोटेपणा वेगळा, असे माझ्या मनात आले होते. आजही मला तसे वाटते. पण त्या क्षणी ते बोलून दाखवणे म्हणजे स्वतःची बाजू मांडणे झाले असते. मी एवढेच म्हणालो, ‘‘तोनकडे जाऊ. मुदत वाढवून मागू.’’

तोनचे स्वयंपाकघर खाली होत आलेले होते. भांडी खोक्यांत भरलेली होती. त्याचा दलाल आधीच येऊन बसला होता. शहरातले दुसरे एक जोडपे घरासाठी थांबले आहे, मुदत देऊ नये, असा त्याचा सल्ला होता. तो त्याने आमच्यासमोरच दिला.

‘‘नेमकी अडचण काय आहे?’’ तोनने विचारले.

मी सातबारा त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितले, की यांच्या वडिलांनी कर्ज फेडले, पण नोंद खोडायची राहिली. तोनने चष्मा लावला. त्याला त्यातले अक्षरही कळणे शक्य नव्हते. तरी त्याने तो वरपासून खालपर्यंत पाहिला, रकान्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, ‘‘जमीन किती आहे?’’

‘‘सव्वा हेक्टर,’’ संदीप म्हणाला.

‘‘पाणी?’’

‘‘विहीर आहे. मार्चनंतर कमी पडतं.’’

‘‘हं.’’ तोन दलालाकडे वळला. ‘‘माझे वडील वारले तेव्हा या घरावर दूध संघाचे गहाण निघाले. फिटलेले होते. वडील खोडून घ्यायला विसरले होते. नोटरीला चार महिने लागले.’’

‘‘तो वेगळा काळ होता,’’ दलाल म्हणाला.

‘‘विसरणारी माणसे तीच आहेत,’’ तोन म्हणाला. ‘‘तीस तारीख लिही. त्याच्या पुढे मलाही थांबता येणार नाही. माझा फ्लॅट मला घ्यावा लागेल.’’

दलालाने लिहिले. संदीपने तोनचा हात दोन्ही हातांत धरला. तोनला ते अवघड झाले; त्याने खोक्यातून एक किटली काढली आणि ही ठेवून जाऊ का, असे मेघनाला विचारले.

मग वाट पाहणे आले. तीस तारखेचे अण्णांना सांगायचे नाही, असे संदीपने ठरवले. ‘‘सांगितलं तर घाबरतील आणि मागच्या तारखेचा कागद घेऊन येतील,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही तो परत पाठवाल. मग त्यांना दोन्हीकडून लागेल.’’ त्याचे म्हणणे बरोबर होते.

त्या अठरा दिवसांत माझ्याकडे इतरही फाइली होत्या. मी त्या केल्या. प्रत्येक पान वाचले, जे कोरे असते तेसुद्धा. संदीप रोज जेवणाच्या सुटीत फोन करी. ‘‘काही?’’ तो विचारी. ‘‘नाही,’’ मी सांगे. यापेक्षा मोठे संभाषण आमच्यात झाले नाही.

हरकतीची मुदत शुक्रवारी संपली. हरकत अर्थातच कुणाची नव्हती. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, त्यानंतर रविवार, कचेरी बंद. सोमवारी तीस जून. त्या दिवशी मी सकाळी सातलाच कार्यालयात गेलो. तिकडे साडेदहा वाजले होते आणि अण्णा कचेरीच्या बाकावर बसले होते.

दहा वाजता संदीपचा फोन आला. मंडळ अधिकारी आले नव्हते. मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी रजेवर होते, दुपारी येतील असे शिपाई म्हणाला होता. साडेबाराला पुन्हा फोन आला. आले नव्हते. मी मारलूसबाईंना विचारले, फाइल किती वाजेपर्यंत उघडी ठेवाल? ‘‘पाचपर्यंत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एरवी मी चारला निघते.’’ त्यांच्याकडून यापलीकडे काही मागणे योग्य नव्हते.

आमच्या अडीचला, म्हणजे तिकडे सहा वाजता, कचेरी बंद झाली. अण्णांनी मुलाला निरोप दिला: आज झालं न्हाई, परवापर्यंत हमखास होतंय, काळजी करू नको.

पाच वाजून दोन मिनिटांनी बँकेचा नकार आला. मी तो छापून काढला, सोबत करार रद्द करत असल्याचे पत्र जोडले आणि सहाच्या आत दलालाच्या हाती दिले. दंड लागला नाही. दहावा हिस्सा वाचला. कामाच्या दृष्टीने तो दिवस मी चुकीशिवाय पार पाडला.

मेघनाने पोचपावतीवर सही केली आणि म्हणाली, ‘‘थँक यू, काका.’’ त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते. संदीप दारात थांबला.

‘‘अण्णांना मी नाही सांगू शकणार,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांना थांबा तुम्ही म्हणालात. तुम्हीच सांगा.’’

‘‘सांगेन.’’

दोन जुलैला, बुधवारी सकाळी, कार्यालयाच्या क्रमांकावर थेट फोन आला.

‘‘साहेब, रामभाऊ वाबळे बोलतोय, संदीपचा बाप. उतरला बघा बोजा. नोंद मंजूर झाली. उतारा हातात हाय. इतर अधिकार कोरं. वाचून दाखवू?’’

‘‘दाखवा.’’

त्यांनी वाचला. गावाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, आकार, खातेदारांची नावे. अक्षर लावून लावून वाचत होते.

‘‘तारीखबी खरी हाय,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही म्हणला होता तशी.’’

‘‘हो.’’

‘‘मग आता पोरांना घर मिळंल न्हवं?’’

‘‘नाही, अण्णा. मुदत परवा संपली.’’

तिकडे कचेरीबाहेर कुणीतरी झेरॉक्सवाल्याला हाका मारत होते.

‘‘परवा,’’ अण्णा म्हणाले. ‘‘म्हंजी त्या तलाठ्याचं ऐकलं असतं, तर...’’

‘‘तर मिळालं असतं.’’

‘‘हं.’’ मग ते म्हणाले, ‘‘असू द्या, साहेब. तुम्ही सांगितलं ते बराबरच व्हतं. चूक आमचीच. बोजा फेडला तवाच खोडून घ्यायला पायजे होता. त्या पोरांचं घर माझ्या आळसापायी गेलं. संदीपला म्हणावं, अण्णांना समजलं, पण वाईट वाटून घेतलं न्हाई.’’

चूक कुणाची होती, हे त्यांच्या मुलाला ठाऊक होते, सुनेला ठाऊक होते, मला ठाऊक होते. ते सांगायला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य मी मनात नीट जुळवले.

‘‘ठीक आहे, अण्णा,’’ मी म्हणालो आणि फोन ठेवला.